ओयामीच्या दारातला पुदोंग

दारासमोर पुदोंग रोवलेला दिसला आणि माझे पाय जागच्या जागी थांबले.

पुदोंग म्हणजे काही मोठं प्रकरण नव्हे. आमच्या डोंगरउतारावर बोरूसारखं उंच गवत माजतं. त्यातली एक काडी उपटायची, शेंड्याची पानं वळवून गाठ मारायची आणि दारात रोवायची, की झालं. पण आम्हा कांकानाय लोकांत ती गाठ दिसली की समजायचं, ह्या घरात विधी झालाय, घर बंद आहे. बाहेरच्यानं आत जायचं नाही, आतल्यानं बाहेर यायचं नाही. हाक मारायची नाही, कुणी मारलीच तर ओ द्यायची नाही. मोडलं तर ज्याच्यासाठी विधी केला त्याच्यावरच उलटतं. आमच्याकडे कोंबड्या चोरणारे आहेत, बांध सरकवणारे आहेत, पण पुदोंग ओलांडणारा माणूस शोधून सापडायचा नाही.

म्हणजे एक सापडली होती, आणि ती मीच.

घर माझ्या धाकट्या बहिणीचं, ओयामीचं. तिचे दिवस भरत आले होते. तिचा नवरा तेगाय तिकडे दक्षिणेला खाणीत कामाला, महिन्यातून एकदा यायचा. आई आम्ही लहान असतानाच गेलेली. मी चोवीस वर्षांची, बागिओ शहरात सुईणपण शिकून गावात परत आलेली. खांद्याला माझी कातडी पिशवी होती. तिच्यात कात्री, दोरा, स्पिरिट आणि बाळंतपणात रक्त थांबवायचं इंजेक्शन. त्या पिशवीचा मला फार तोरा होता. अंगणातून चालताना ती सगळ्यांना दिसेल अशीच मी धरायची.

ओयामीचं पहिलं मूल गेल्या वर्षी गेलं, तेव्हा मी शहरात होते. दोन दिवस कळा देऊन मेलेलं पोर जन्मलं. घरात पंधरा-सोळा बायका, चुलीचा धूर, खाली अंगणात डुक्कर कापलेलं. मांबुनोंग, म्हणजे मंत्र म्हणणारा आमचा म्हातारा, दारात बसून पूर्वजांना नावं घेऊन बोलावतोय. आणि दोन म्हाताऱ्या हिच्या पोटावर गुडघे देऊन दाबतायत. सगळ्यांना तिचं भलंच करायचं होतं. तेच तर वाईट होतं.

ह्या खेपेला ओयामी मला बजावून म्हणाली होती, "मनांग, फक्त तू. दुसरं कुणी आत आलं तर मी घर डोक्यावर घेईन."

मनांग म्हणजे थोरली बहीण. ती मला नावानं कधी हाक मारायची नाही.

"आणि इकित बागाय आली तर?" मी विचारलं. इकित म्हणजे आत्या. आमची ही आत्या बोलावल्याशिवाय येते आणि सांगितल्याशिवाय जात नाही.

"तिची सोय मी करते. तू फक्त वेळेवर ये."

"मी काय, तुझ्या आधी येऊन बसेन," मी म्हटलं.

तर त्या दिवशी सकाळी मी डोंगरापलीकडच्या वाडीत पोरांना टोचायला गेले होते. परत आले तेव्हा सूर्य डोक्यावर आला होता. घरी न जाता सरळ ओयामीकडे वळले, आणि हे असं.

मी दाराकडे बघत उभी होते, तेवढ्यात वाटेवरून आत्याच आली. डोक्यावर रताळ्यांची टोपली.

"मीही सकाळी आले होते," ती म्हणाली. "पुदोंग बघितला आणि पाय न वाजवता परत गेले. तुझ्या अमानं पहाटेच कोंबडं कापलेलं दिसतंय. शहाणा माणूस. वेळेवर सुचलं."

अमा म्हणजे आमचे वडील. गावातल्या दापायवर, म्हणजे म्हाताऱ्यांच्या दगडी चौथऱ्यावर, त्यांचा दगड ठरलेला होता. तिथं बसून गावाचे निवाडे व्हायचे, रीतभात ठरायची.

"अमा कुठं आहेत?"

"वरच्या खाचरात. बांध फुटलाय म्हणे." आत्यानं टोपली खाली ठेवली आणि माझ्या पिशवीकडे बघितलं. "ती घेऊन आत घुसायचा विचार नाही ना?"

"नाही."

"दांगवेयच्या घरी केलंस ते इथं करू नकोस. ही तुझ्या पाठची आहे."

दांगवेयचं नाव काढलं की माझं कुठलंच बोलणं चालत नव्हतं, आणि ते आत्याला चांगलं ठाऊक होतं.

झालं होतं असं. दांगवेय आमच्याच गावातली बाई. तीन आठवड्यांपूर्वी तिच्या तान्ह्या मुलाला ताप भरला होता. घरात विधी झालेला, दारात पुदोंग. मी तो ओलांडून धाडधाड आत गेले, पोराला तपासलं, औषध पाजलं. दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर बायकांसमोर म्हणाले, "गवताच्या गाठीला घाबरायचं होतं तर बागिओला कशाला गेले असते?" ओयामी तिथंच घडा भरत होती. खो खो हसली आणि म्हणाली, "आमच्या मनांगला अडवायला गवत पुरायचं नाही, भिंत बांधायला लागेल."

चौथ्या दिवशी पोर गेलं. छातीत कफ दाटला होता, मी पोचले तेव्हाच उशीर झाला होता. हे मी कुणाला सांगू? कुणी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. आमच्यात शिव्या देत नाहीत. 'इनायान' एवढंच म्हणतात. जे करू नये ते झालं, आता त्याचं फळ येणार, असं सगळं त्या एका शब्दात येतं. मी वाटेनं गेले की बायका तो शब्द हळूच म्हणायच्या आणि पोरांना जवळ ओढायच्या.

अमांनी स्वतःचं डुक्कर कापून दांगवेयच्या घरची शांत केली. मग मला मागं डुकरांच्या खड्ड्यापाशी नेलं. आम्ही दोघंच होतो.

"दापायवर मला आज मान खाली घालायला लागली," ते म्हणाले. "तू शिकलीस त्याला माझी ना नाही. पण पुढच्या वेळी पुदोंग दिसला की जिथं असशील तिथं थांबायचं. घर कुणाचंही असो. शब्द दे."

मी शब्द दिला. खरं सांगते, नुसता अमांसाठी नाही दिला. ते पोर रोज माझ्या डोळ्यांपुढं येत होतं. कोण जाणे, मी पाऊल टाकलं म्हणूनच गेलं असेल, असं मलाही वाटायला लागलं होतं. बागिओचं सगळं शिक्षण एका तान्ह्या पोरानं माझ्यातून काढून घेतलं होतं. ह्या शब्दाचं मी ओयामीला सांगितलं नाही. लाज वाटली.

तर आत्या गेली आणि मी वाटेच्या पलीकडे धान कांडायच्या दगडावर बसले. दारापासून वीस पावलं. वर खाचरात जाऊन अमांना विचारावं असं मनात आलं, पण विचारून काय होणार होतं? गाठ मारली म्हणजे मारली. साध्या विधीची ती सूर्य मावळल्यावर सुटते. ओयामीला अजून आठ-दहा दिवस आहेत, असा माझा हिशेब होता. कळा आजच सुरू झाल्या असल्या तरी संध्याकाळपर्यंत काही होत नाही, असं मी मनाला समजावलं. पिशवी मांडीवर घेतली आणि बसून राहिले.

घरातून काही आवाज आला नाही, असं मी पुढे सगळ्यांना सांगितलं.

ऊन घराच्या छपरावरून खाली सरकलं. समोरच्या उतारावर पाइनच्या झाडांतून धुकं वर चढायला लागलं. एक कोंबडी पुदोंगच्या बाजूनं निवांत घरात गेली आणि निवांत बाहेर आली. मला तिचा राग आला.

अमा आले तेव्हा त्यांचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलात भरले होते. खांद्यावर बांध घालायचं लाकडी फावडं.

"इथं का बसलीस?"

"पुदोंग आहे ना. संध्याकाळी सुटला की जाते आत."

"कसला पुदोंग?"

"तुम्ही लावलेला."

अमांनी फावडं खाली ठेवलं. "मी पहाटेपासून बांधावर आहे. मी काही कापलं नाही. मांबुनोंग तर परवाच मुलीच्या गावाला गेलाय."

आम्ही दोघांनी दाराकडे बघितलं. अमा जवळ गेले, वाकले, गाठ बोटांत धरली. पानं उलटी वळवलेली होती. आमच्या घरात डावखुरी एकच होती. लहानपणी ती खेळात असल्या गाठी मारायची आणि अमांच्या हातचा मार खायची.

"ही ओयामीनं मारलीय," अमा म्हणाले.

मग मी आत कशी गेले ते मला आठवत नाही. काडी पायाखाली आली की बाजूनं गेले, काही आठवत नाही. आत गेल्यावर पहिल्यांदा दिसलं ते रक्त. जमिनीच्या फळ्यांवर, फळ्यांच्या फटीतून खाली. ओयामी भिंतीला टेकून बसली होती. मूल तिनं स्वतःच बाहेर काढलं होतं, बांबूच्या पात्यानं नाळ कापली होती, आपल्या विणलेल्या लुगड्यात गुंडाळून छातीशी धरलं होतं. मुलगी. जिवंत. वार मात्र आतच अडकलेली आणि रक्त वाहतंय, किती वेळ वाहतंय देव जाणे.

मी इंजेक्शन दिलं. पोट चोळलं, हात घालून वार काढली, जे जे शिकले होते ते सगळं केलं. माझे हात चांगले चालत होते. तासभर आधी चालले असते तर पुरले असते.

ओयामीनं डोळे उघडले. ओठ पांढरे पडले होते, तरी ती हसली.

"आलीस होय."

"आले. बोलू नकोस."

"गाठ बघितलीस? मी मारली. इकित सगळ्यांना घेऊन येऊन बसली असती. सकाळी आली होती, मला पावलं कळली. कशी गुपचूप परत गेली." तिला त्याची मौज वाटत होती. "म्हटलं, सगळा गाव थांबेल, पण माझी मनांग थोडीच थांबणार आहे."

अमा चुलीपाशी उभे होते. त्यांनीही ऐकलं.

"नाही थांबले," मी म्हटलं.

"मग उशीर का केलास गं?"

"पलीकडच्या वाडीला गेले होते. वाट लांब."

तिनं मान हलवली. तिला ते पटलं. तिला माझं सगळंच पटायचं. बाळाच्या तोंडावरचं फडकं तिनं बोटानं बाजूला केलं आणि मला म्हणाली, "बघ, नाक अमांचं आहे." अमांनी तोंड फिरवलं. सूर्य डोंगराआड जायच्या आत ती गेली.

आमच्याकडे माणूस पिकून मेलं की त्याला आंघोळ घालून, नवं कापड नेसवून दारासमोर खुर्चीत बसवतात. दोन दोन, तीन तीन दिवस बसवतात. येणारा जाणारा त्याच्याशी बोलतो, रडतो, रागावतो, थोडी तांदळाची दारू पितो. मग कड्यावरच्या गुहेत आजोबा-पणज्यांच्या शेजारी नेऊन ठेवतात. बाळंतपणात गेलेल्या बाईला ह्यातलं काही नाही. ते वाईट मरण. खुर्ची नाही, घंटा वाजवायच्या नाहीत, रडायचं तेही दबून. दुसऱ्या दिवशी सकाळी ओयामीला घोंगडीत गुंडाळून खाली ओढ्याच्या अंगाला पुरलं. ही रीत सांगणाऱ्यांत अमा होते. इतक्या वर्षांत कितीजणींच्या घरी त्यांनीच ती सांगितली होती. आपल्या मुलीच्या वेळी त्यांनी ती बदलली नाही, नुसते खाली बघत राहिले. मला वाटतं, त्या दिवशी त्यांनी तोंड उघडलं असतं तर गावानं ऐकलं असतं.

मांबुनोंगला निरोप धाडून आणलं होतं. पुरून आल्यावर त्यानं कोंबडं कापलं आणि ओयामीच्या घराला पुदोंग लावला. खरा पुदोंग, तीन दिवसांचा. आत अमा, मी आणि बाळ.

पोरगी भुकेली होती. मी तांदळाची पेज गाळून कापसाच्या बोळ्यानं पाजत होते. पहिल्या दिवशी ती रडली. दुसऱ्या दिवशी दुपारी रडणं बारीक झालं, आणि मी घाबरले. रडणारं मूल बरं असतं हे मी शिकले होते. अमा चुलीसमोर बसून राखेत काडी फिरवत होते.

"आवाज आला होता?" त्यांनी एकदम विचारलं. "तू दगडावर होतीस तेव्हा."

"नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "शब्द मी घेतला होता," ते म्हणाले.

त्याच वेळी बाहेर पावलं वाजली आणि पुदोंगपाशी येऊन थांबली. मी फटीतून बघितलं. दांगवेय होती. चोळीवर दुधाचे दोन ओले डाग. थोरलं पोर दोन वर्षांचं, त्याला ती अजून अंगावर पाजत होती, म्हणून तिचं दूध आटलं नव्हतं. धाकटं मात्र गेलं होतं, आणि का गेलं म्हणून गाव काय म्हणत होतं ते मी सांगितलंच.

पुदोंगसमोर हाक मारायची नसते. तिनं मारली नाही. नुसती उभी राहिली, हात छातीशी धरून. आत पोरगी मांजरासारखी कुईकुई करत होती. तो आवाज ऐकून तिचे डाग मोठे झालेले मला दिसत होते.

मी बाळाला घेऊन दारापर्यंत गेले. आमच्या दोघींच्या मध्ये ती काडी. चार पावलं मी, चार पावलं ती.

"बाळ बाहेर आणता येणार नाही," मी म्हटलं. मला बोलायलाही परवानगी नव्हती.

"मलाही आत येता येणार नाही," ती म्हणाली. "तिचं काही झालं तर माझ्यावर येईल. एकदा झालंय माझ्या घरात."

हे ती माझ्यावर आरोप करून बोलली नाही. तिला खरंच भीती वाटत होती. आणि मला तरी काय वाटत होतं? मी काडीकडे बघत होते. चार पावलं पुढं जाऊन हात लांब केला असता तर उपटता आली असती, लहान पोरालाही उपटता येते. माझा हात उचलेना. ओयामीचं बाळ माझ्या कडेवर उपाशी होतं आणि मी पुन्हा उभीच होते.

मागून अमा आले. मला खांद्यानं बाजूला केलं, पायऱ्या उतरले आणि पुदोंग मुळापासून उपटला. उपटून गुडघ्यावर ठेवून मोडला, दोन तुकडे केले, डुकरांच्या खड्ड्यात टाकले. वाटेवरून आत्या बघत होती. तिच्या तोंडून 'इनायान' निघालं असणार. अमांनी वर बघितलं नाही.

"ये पोरी आत," ते दांगवेयला म्हणाले. "काय व्हायचं ते माझ्यावर होऊ दे."

दांगवेय हलली. पुदोंग आता नव्हता, तरी जिथं तो होता तिथं तिनं पाय उचलून टाकला. आत येऊन भिंतीला टेकून बसली, ओयामी बसली होती तिथंच, आणि हात पुढे केले. पोरगीला स्तन धरायला वेळ लागला. मग धरला आणि गटागटा प्यायली.

अमा त्यानंतर दापायवर गेले नाहीत. कुणी येऊ नका असं म्हणालं नव्हतं. त्यांचा दगड मोकळाच राहिला. पाच वर्षांनी ते पिकल्या वयात वारले, तेव्हा त्यांना खुर्ची मिळाली, तीन दिवस मिळाली. लोक त्यांच्याशी बोलले. मीही बोलले, पण जे सांगायचं होतं ते सांगितलं नाही.

मुलीचं नाव आम्ही ओयामीच ठेवलं. तेगायनं पुढं दुसरं लग्न केलं आणि पोर माझ्याकडे राहिली. आता तिच्या केसांतही पांढरं दिसतं. वर्षातून एकदा, त्या दिवशी, ती मला विचारते की मावशी, आईनं शेवटी काय विचारलं होतं. मी सांगते, उशीर का केलास असं विचारलं. आणि तू काय म्हणालीस? वाट लांब होती म्हणाले.

वाट वीस पावलांची होती. आणि हाक आली होती. एकदा नाही, दोनदा आली. पहिल्या हाकेला मी दगडावरून उठले. पुदोंगपर्यंत गेले, पाऊलही उचललं. मग दांगवेयचं पोर आठवलं, अमांना दिलेला शब्द आठवला. पाऊल मागं घेतलं आणि जाऊन बसले. दुसरी हाक मी बसूनच ऐकली.